एकशे छप्पन दिवस, नोंद नाही

६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

गेल्या पंधरवड्यात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. दारांखाली लावायच्या रबरी पट्ट्या, अकरा. सांडपाण्याच्या नळांना तारेच्या जाळीच्या टोप्या, एकोणीस. जाळीचं भोक सहा मिलिमीटरचं, कारण उंदराच्या पिल्लाला बारा पुरतात आणि मी निम्म्यावर थांबतो. झुरळांसाठी आत चिकट पट्टी लावलेले पुठ्ठ्याचे बोगदे, चौतीस. आणि लव्हाळा उपटायचं एक अवजार, जुन्या सायकलच्या पुढच्या काट्यापासून. पायाने दाबलं की बावीस सेंटिमीटर खाली जातं आणि पानांबरोबर मुळाची गाठही वर आणतं. गाठ खाली ठेवून वरचं गवत काढणं म्हणजे न्हाव्याचं काम, पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा हजर.

यातलं काहीही बाजारात मिळत नाही. मिळत असतं तरी घेतलं नसतं.

फोन असताना भाऊजी पत्रं का लिहितात, असं तुमच्या सौ.ने आमच्या हिला विचारलं म्हणे. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, म्हणून. शिवाय फोन दोघी बहिणींकडून मोकळा झाला तर आपल्या वाट्याला येणार.

या शाळेतल्या उंदीर-झुरळांपासून मैदानातल्या तणापर्यंत सगळं एकोणीस वर्षं मी एकटा बघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणी शिकवलं नाही. कुठला कागद मिळवला नाही. शिक्षकांच्या खोलीत मी एक वही टांगली आहे, स्वतः बांधलेली. कुणाला कुठे काही वळवळताना दिसलं तर त्यात लिहायचं. रकाने आठ: तारीख, वेळ, जागा, प्राणी, संख्या, लांबी, कुठल्या दिशेला गेला, आणि पाहणाऱ्याची सही. शेवटची नोंद ३ सप्टेंबरची. त्यानंतर आजवर एकही नाही. शाळेच्या फाटकावर मी पत्र्याची पाटी रंगवून लावली आहे, रोज सकाळी आकडा बदलतो: आज एकशे छप्पन दिवस, नोंद नाही.

तुमचं उत्तम चाललंय असं कानावर येतं. कानावर येतं म्हणजे रोज जेवताना येतं. तीन इमारतींच्या शाळेचं काम मिळालं, हाताखाली सहा माणसं, गाडीच्या दारावर झुरळाचं रंगीत चित्र. आमच्या हिने फोटो दाखवला. त्या झुरळाला पाय पाचच आहेत, रंगाऱ्याला विचारून घ्या. सासऱ्यांनी तुमचा डिप्लोमा काच लावून भिंतीवर टांगला, हेही पाहून आलो. मी त्यांना करून दिलेला उंदराचा सापळा त्याखालच्या टेबलावर आहे. त्यावर ते चष्मा ठेवतात. मला त्याचं काही नाही.

तुमच्या त्या शाळेत वही असेलच. महिन्याला किती नोंदी होतात? सहज विचारलं.

आपला,
थोरला साडू


१५ फेब्रुवारी

साडूभाऊंस नमस्कार,

पत्र वाचलं आणि लगेच जाऊन गाडीच्या झुरळाचे पाय मोजले. पाचच. इतके महिने तो लंगडा घेऊन मी गावभर फिरतोय आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. रंगारी म्हणतो, सहावा मागे आहे.

तुमचं अवजार मला फार हवंय. या मैदानाच्या कुंपणाला लव्हाळ्याने पार वेढलंय, माझी माणसं खुरप्याने थकली. एखादा नकाशा, मापं वगैरे पाठवाल का? शिकवणीची फी म्हणून सहावा पाय तुमच्या नावाने काढून घेतो.

नोंदींचं विचारलंत. खरं सांगायचं तर जानेवारीत एक्केचाळीस. वही म्हणजे काय, स्वयंपाकघराच्या बाहेर दोऱ्याने बांधलेलं जाड कागदांचं बाड आणि पेन्सिल. ज्याला जे वाटेल ते लिहितो. सफाईच्या बाईंनी लिहिलंय, "काळं काहीतरी, घाई होती त्याला." पहिलीतल्या कुणीतरी मुंगी काढलीय, ती हत्तीएवढी आहे. एकाने माझंच चित्र काढून खाली "हा रोज दिसतो" असं लिहिलंय. त्यातून मला कळतं कुठे बघायचं ते. एक्केचाळीसमधल्या तीसएक खऱ्या असतील.

एकशे छप्पन दिवस शून्य, हे ऐकून मात्र कौतुक वाटलं आणि थोडं नवलही. एवढ्या मोठ्या शाळेत, रोज दोनशे ताटं वाढली जातात तिथे. तुमच्या चिकट पट्ट्या काय सांगतात? त्यांचा आकडा आणि वहीचा आकडा जुळतोय ना?

सासऱ्यांचं मनावर घेऊ नका. तो डिप्लोमा त्यांनी माझ्याकडून मागून नेला, मला घरी नक्कल लावावी लागली.

तुमचा,
धाकटा


२२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

"नवलही" हा शब्द मी तीनदा वाचला. तुमच्या सवडीने त्याचा अर्थ कळवा.

चिकट पट्ट्यांचं विचारलंत. मी पट्टी कुठे लावतो? जिथली नोंद असेल तिथे. नोंद नाही, तर पट्टी कुणासाठी? जुन्या पट्ट्या मी सप्टेंबरअखेर काढल्या, नव्या चौतीस कपाटात क्रमांक घालून रचून ठेवल्या आहेत. गरज पडली तर तीन मिनिटांत बाहेर येतील. गरज पडत नाही, हेच तर काम.

आणि वहीत पोरांनी हत्तीएवढ्या मुंग्या काढायच्या, याला मी नोंद म्हणत नाही. शिस्त नसली की आकडा फुगतो. एक्केचाळीसमधल्या अकरा खोट्या असतील असं तुम्ही स्वतःच लिहिता, आणि तरी झोप लागते. हेवा वाटतो अशा झोपेचा, बाकी कशाचा नाही.

अवजाराचा नकाशा काढलेला नाही. माझ्या हाताला ठाऊक आहे, कागदाला नाही.

एक गोष्ट कळवायची राहिली. तुमच्या तीन इमारतींच्या संचालक बाई अठरा तारखेला इथे आल्या होत्या. आमच्या संगीताच्या बाई त्यांच्या भाची लागतात, त्यांना भेटायला. फाटकावरची पाटी वाचून स्वतःहून थांबल्या. "एकशे अडुसष्ट दिवस म्हणजे काय हो?" विचारलं. मी वही दाखवली, टोप्या दाखवल्या, अवजार चालवून दाखवलं. बाई हुशार आहेत, प्रश्न नेमके विचारतात. तुमचंही नाव निघालं. चांगलंच बोललो.

आपला,
थोरला साडू


५ मार्च

साडूभाऊ,

काल संचालक बाईंनी बोलावून घेतलं. टेबलावर आमचं ते पेन्सिलचं बाड होतं. म्हणाल्या, "एकोणीस वर्षं काम करणाऱ्या माणसाकडे एकशे अडुसष्ट दिवस शून्य, आणि तुमच्याकडे एका महिन्यात एक्केचाळीस. तुम्ही आमच्याकडे करता काय?"

मी समजावलं, की जास्त नोंदी म्हणजे जास्त झुरळं असं नसतं, जास्त डोळे असतात. त्या म्हणाल्या, हे बोलायला छान आहे. पंचवीस तारखेला त्यांच्या मंडळाची बैठक आहे. काम माझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, ते तिथे ठरेल. काढलं तर सहापैकी चार माणसांना मला घरी बसवावं लागेल. या एका कामाच्या भरवशावर घेतली होती त्यांना.

ते बाड वर्षभर त्यांच्याच भिंतीला टांगलेलं होतं, रोज त्यावरून त्या जात होत्या. मोजलं कधीच नव्हतं. एक्केचाळीस हा आकडा मी जगात दोनच ठिकाणी लिहिलाय. एक माझ्या डायरीत, आणि एक तुम्हाला.

हिला मी अजून काही सांगितलेलं नाही. बहिणी-बहिणींत आपल्यामुळे काही नको.

धाकटा


९ मार्च

साडूभाऊ,

होय, मी सांगितला. त्यांनी विचारलं, "आमच्याकडे जो माणूस आहे तो कसा आहे?" मी म्हणालो, माणूस चांगला, बोलका, सासऱ्यांचा लाडका. त्यांनी विचारलं, "कामाला?" मी म्हणालो, बाड उघडून मोजा, जानेवारीत एक्केचाळीस निघतील. निघाले. यात खोटं काय?

तुम्ही मला तो आकडा विश्वासाने लिहिला, हे मान्य. पण त्यावर "कुणाला सांगू नका" असं लिहिलेलं नव्हतं. मी पत्र पुन्हा काढून पाहिलं.

तुम्ही म्हणाल, याच्या पोटात दुखतंय. म्हणा. दुखत असेलही. तुमच्या वयाचा होतो तेव्हा मी उंदराच्या बिळाशी पालथा पडून पीठ पसरत होतो, सकाळी त्यावरची पावलं मोजायला. कुठल्या वर्गात हे कुणी शिकवलं नाही. आणि आज तुम्ही बूट घालून, खिशात पेन लावून येता आणि लोक तुम्हाला "सर" म्हणतात. मला अजून "अहो, ते उंदीरवाले" म्हणतात. आमची ही तुमच्या गाडीचा फोटो शेजारणीला दाखवते आणि म्हणते, "आमच्या धाकटीचे मिस्टर." मी तिथेच भिंतीत भोक बुजवत असतो. माझ्याकडे बोट दाखवून "आणि हे माझे" असं म्हणायला तिला कधी सुचलेलं नाही.

तरीही या प्रकरणात मी पोटदुखीने वागलेलो नाही. मला त्यातून मिळायचंय काय? आकडा खरा आहे. खरा आकडा मागे घेता येत नाही. तुमच्या चार माणसांचं मला वाईट वाटतं, पण त्यांना कामावर मी घेतलं नव्हतं.

थोरला


१३ मार्च

साडूभाऊ,

भांडत नाही. बाईंकडे रदबदली करा असंही म्हणत नाही. आकडा खरा आहे, माझ्यापुरता तरी.

फक्त एक काम करा. तुमच्या आकड्यासाठी, माझ्यासाठी नाही. चार दिवस तुमची वही उतरवून ठेवा. तिच्या जागी एक मोठा कोरा कागद लावा, आणखी एक स्वयंपाकघराच्या दाराशी. रकाने नकोत, सही नको. पेन्सिल बांधा. आणि चार दिवस तुम्ही त्या कागदांच्या आसपास दिसू नका. कुणी काही लिहिलं तर त्याला एक शब्द विचारू नका.

कागद कोरा राहिला तर मी स्वतः संचालक बाईंना सांगेन, की थोरल्यांना नेमा.

धाकटा


२८ मार्च

साडूभाऊ,

तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून कागद लावले, हे आधी लिहून ठेवतो. सोळा तारखेच्या सोमवारी सकाळी सातला लावले आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर काढले. मधल्या काळात मी मैदानाच्या टोकाला लव्हाळा काढत होतो. कुंपणापासून फाटकापर्यंत गाठी काढल्या, दोन बादल्या भरल्या. इतकी सरळ रांग मी आजवर काढली नव्हती. मनात शब्द जुळवत होतो, तुम्हाला काय लिहायचं त्याचे.

गुरुवारी कागद हातात घेतले. नोंदी त्रेसष्ट. त्यातल्या पाच एकाच उंदराच्या असाव्यात, शेपूट अर्धं असलेला, म्हणजे एकोणसाठ धरू. चित्रकलेच्या सरांनी तो इतका हुबेहूब काढलाय की मला त्याचं वय सांगता येईल. मुख्याध्यापिका बाईंचं अक्षर मी ओळखतो. त्यांनी लिहिलंय, "माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, दिवाळखोर झुरळं, बरेच दिवस." दिवाळखोर का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नव्हतं.

स्वयंपाकाच्या मावशींना मात्र विचारल्यावाचून राहवलं नाही. एकट्या त्यांच्या तेवीस नोंदी होत्या. मी म्हणालो, "मावशी, हे सगळं वहीत का नाही लिहिलंत?"

त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "लिहिलं होतं की. सप्टेंबरात. झुरळ एक."

"तीन तारखेला. मग?"

"मग तुम्ही आलात. किती लांब होतं, मिशा धरून की सोडून. तोंड कुणीकडे होतं. ओलं होतं की कोरडं. तुम्ही नीट बघितलं होतं ना, मग सही कापरी का. पंचवीस मिनिटं उभी केलीत मला. पातेलं खाली लागलं, दोनशे पोरांना करपट खाऊ घातलं, बोलणी मी खाल्ली."

"अहो, पण ती माहिती लागते."

"लागत असेल. मी चप्पल मारते. त्याला मिशा विचारत नाही."

तिथेच मागे मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर तुम्ही पुन्हा जागेवर नेऊन मी कुठे उभी होते ते खडूने आखलं होतंत." आणि हसल्या. मग सगळेच हसले. सहा महिने सगळ्यांना ठाऊक होतं. चहा पिताना बोलत होते. फक्त मला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

मी विचारलं, "मग पाटीवरचा आकडा रोज बदलत होतो, तेव्हा कुणी बोललं का नाही?"

मावशी म्हणाल्या, "तुम्ही इतके खुशीत दिसायचात."

त्या संध्याकाळी चौतीसच्या चौतीस बोगदे लावले. शुक्रवारी सकाळी मावशी येतात तेव्हा, पाच वाजता, त्यांच्याबरोबर आत गेलो. मी इतकी वर्षं सातला येतो. दिवा लावल्यावर भिंतीवरून जे पांगलं ते मी मोजू शकलो नाही. मोजू शकलो नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. बोगद्यांत मिळून दोनशे सात. कोठारात पिंपांच्या मागे लेंड्या, ताज्या आणि जुन्या. मी बसवलेल्या टोप्या एकोणीसही जागच्या जागी, एकही ढळलेली नाही. उंदीर नळातून येतच नव्हते. छताच्या कोपऱ्यात, जिथून विजेच्या तारा आत येतात तिथे, अंगठा जाईल एवढी फट आहे. मावशींच्या एका नोंदीत लिहिलं होतं, "वरून येतो मेला." फट बुजवली. पाटी उतरवली. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, मला काढायचं असेल तर काढा. त्या म्हणाल्या, "काढलं तर खडूने कोण आखेल? तुम्ही फक्त विचारू नका हो, वाचत जा." वहीचे आठ रकाने गेले. आता पेन्सिल आहे.

तेवीस तारखेला रजा घेऊन चार तासांचा प्रवास करून तुमच्या संचालक बाईंकडे गेलो. हिला सांगितलं, पाइप बघायला जातोय. दोन्ही कागद आणि माझी वही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. म्हटलं, "बाई, ही कोरी वही माझी आणि ही भरलेली घाणही माझीच. मी तुम्हाला शून्य दाखवलं ते भीतीचं होतं. तुमच्याकडे एक्केचाळीस आहेत, कारण तिथे लिहायला कुणी भीत नाही." त्यांनी बराच वेळ कागद पाहिले. विचारलं, "हे तुम्ही मला येऊन का सांगताय? तुमचे ते साडू आहेत म्हणून?" म्हटलं, "नाही. आकडा चुकला होता."

मग त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर तुमचं बाड पुन्हा टांगलेलं होतं तिथे थांबलो. एका पानावर तुमच्या हातचं एक वाक्य आहे, सफाईच्या बाईंच्या नोंदीखाली: "धन्यवाद, घाई का होती ते शोधलं, गरम पाण्याचा नळ गळत होता." हे असं उत्तर लिहून ठेवायचं मला एकोणीस वर्षांत सुचलं नाही. ते वाक्य वाचताना मला जे झालं त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. डिप्लोमा, गाडी, सासरे, ते सगळं मी पचवत आलो होतो. हे पचत नाहीये. तिथेच उभ्या उभ्या तुमच्यासारखी उत्तरं द्यायची ठरवली, आणि पहिलं उत्तर काल मावशींना लिहिलं. अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आलंय.

पंचवीसच्या बैठकीत काम तुमच्याकडेच राहिलं, हे तुमच्या सौ.कडून आमच्या हिला, आणि हिच्याकडून जेवताना मला कळलं. दर महिन्याला बाई स्वतः नोंदी मोजणार, आणि आकडा अचानक कमी झाला तर तुम्हाला जाब विचारणार, हेही कळलं. ती अट मी सुचवली होती. चारही माणसं कामावर राहिली ना, कळवा.

मी तुमच्या पत्रातली गोष्ट बाहेर बोललो, ते पोटदुखीनेच. नऊ तारखेच्या पत्रात मी नाही म्हणालो होतो, ते खोडून वाचावं. आकडा खरा होता, हेतू नव्हता. माफी मी समोर आल्यावर मागेन. मला ती लिहिता येत नाही असं दिसतंय, तीन कागद फाडले.

अवजाराचा नकाशा पाठवत नाही. अवजार हवं तर येऊन चालवून बघा.

आपला,
थोरला साडू

ता. क. हे संचालक बाईंनी तुम्हाला सांगितलं नसावं, आणि आमच्या हिला मी सांगितलेलं नाही. नऊ तारखेला तुम्हाला पत्र लिहीत होतो तेव्हा त्यांचं पत्र माझ्या डाव्या हाताशी उघडं होतं, सकाळीच आलेलं. त्यात तुमच्या जागी मला विचारलं होतं. अकरा दिवस ते मी खिशात घेऊन फिरलो, आणि वीस तारखेला नको म्हणून कळवलं. तिन्ही इमारती, दोन्ही मैदानं, फाटकाशी राहायला दोन खोल्या, दरसाल चार लाख ऐंशी हजार. तुम्हाला देतात त्यापेक्षा साठ हजारांनी जास्त.